गजावरची केबल

डोंबिवली पूर्वेत, गणपतीच्या देवळामागच्या गल्लीच्या तोंडाशी जो खांब आहे, त्याला खांब म्हणायचं ते आत लोखंड आहे म्हणून. बाहेरून तो नुसता काळ्या केबलींचा दिसतो. टीव्हीच्या जुन्या केबली, इंटरनेटच्या केबली, कधीच्या बंद पडलेल्या कंपन्यांच्या केबली, आणि त्यातच कुणाच्या तरी कपडे वाळत घालायच्या दोरीचं एक टोक. चांगदेव शिडीवर चढून त्या गुंत्यात मान घालून उभा होता, आणि खाली पोपट मुकादम मोठा कटर खांद्यावर टाकून वर बघत होता.

"ओ भाऊ, दर्शन घेताय का वर? किती येळ?"

"सापडू तर दे."

"सापडंल तवा सापडंल. संध्याकाळपर्यंत ज्याला पिवळी पट्टी न्हाई, ती केबल माझी. मी इचारत बसणार न्हाई कुणाची म्हणून."

पोपट हा ठेकेदाराचा माणूस. गल्लीत डोक्यावर लोंबणाऱ्या केबली आज काढून टाकायच्या होत्या. सगळ्या कंपन्यांना आधीच निरोप गेले होते: चालू केबलीला पिवळी पट्टी बांधा, बंद असेल ती स्वतः उतरवा. चांगदेवच्या कंपनीचं काम त्यात सोपं होतं. गेल्या वर्षी गल्लीतली सगळी घरं कंपनीने जमिनीखालच्या नव्या केबलीवर घेतली होती. वरून जाणारी एकच जुनी केबल उरली होती. ती मेलेली. ती शोधायची, कापायची, गुंडाळायची आणि ठाण्याला पळायचं.

पळायचंच होतं, कारण संध्याकाळी टेंभी नाक्यामागच्या दत्तमंदिरात त्याच्या बायकोचं, योगिनीचं, पहिलं कीर्तन होतं. पहिलं म्हणजे स्वतंत्र, पूर्वरंग-उत्तररंगासकट उभं कीर्तन. आठवडाभर ती पतपेढीतून बाळकुमला घरी आली की भाजी चिरतानासुद्धा विदुराघरच्या कण्यांचं आख्यान पुटपुटत होती. चांगदेवला मागे उभं राहून झांज धरायची होती. कीर्तनाला दोनदा तारीख ठरून दोनदा योगिनीने नाही म्हटलं होतं. तिच्या गुरू मंदाकिनीताई डोंबिवलीत याच गल्लीत राहतात. हिवाळ्यात न्हाणीघरात पडून त्यांचं खुब्याचं हाड मोडलं आणि तेव्हापासून त्या पलंगावरच. "ताई समोर नसताना मी तोंड उघडणार नाही," हे योगिनीचं पालुपद. शेवटी ताईंनीच तोड काढली. पहिल्या रांगेत एक खुर्ची रिकामी ठेवायची, तिच्यावर फोन उभा करायचा, आणि ताईंनी डोंबिवलीहून फोनमधून समोर बसायचं. तेव्हा कुठे योगिनी तयार झाली.

केबल शोधायची रीत अशी. तिचं दुसरं टोक ठाण्याला बाळकुमच्या कंट्रोल रूममध्ये होतं. तिथे सम्यक नावाचा त्याचा जोडीदार एक मशिन घेऊन बसला होता. ते मशिन केबलीतल्या एका रिकाम्या काचेच्या धाग्यात उजेड सोडतं. इथे केबलीवर कुठेही टकटक केली की आतला उजेड जरासा थरथरतो, आणि तो थरथराट सम्यकच्या हेडफोनमध्ये टकटक म्हणूनच ऐकू येतो. कापायला नको, सोलायला नको. एकेका केबलीवर ठोकत जायचं, आणि सम्यक "हां" म्हणाला की ती आपली. अडचण एवढीच की केबलीला सगळंच ऐकू येतं. ट्रक गेला तरी, जनरेटर सुरू झाला तरी. म्हणून ठोकणाऱ्याने असं काही ठोकावं की ऐकणाऱ्याची गफलत होऊ नये. बाकीची पोरं एक-दोन-तीन ठोकतात. चांगदेव स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने धुमाळीचा ठेका धरायचा. कीर्तनातला ठेका. हाताला तोच वळणाचा. सम्यकला कीर्तनाचा ओ का ठो माहीत नव्हता, पण इतकी वर्षं बरोबर काम केल्यावर तो ठेका त्याला झोपेतही ओळखू आला असता.

"देवा, वाजव," सम्यक फोनवर म्हणाला. चांगदेवला तो 'देवा'च म्हणायचा.

चांगदेवने हाताशी आलेली पहिली केबल धरली आणि ठोकलं.

"हां! हीच. एकदम क्लिअर."

"पहिलीच?"

"नशीब आहे तुझं. वहिनींच्या कीर्तनाचं पुण्य. काप आणि निघ."

चांगदेवने खाली बघितलं. "पोपटभाऊ, कटर द्या वर."

पोपटने कटर दिला. केबल जबड्यात धरली आणि चांगदेवला उगाचच वाटलं, आणखी एक ठोकून बघावी. त्याने कटर शिडीला अडकवला आणि शेजारच्या, भलत्याच जाडीच्या केबलीवर ठेका धरला.

"हां, हां, येतोय ना आवाज," सम्यक म्हणाला. "किती वेळा विचारशील?"

"ही दुसरी आहे रे!"

"दुसरी? मग ती असेल."

चांगदेवने तिसरी धरली. "आता?"

"हो."

चौथी. "आता?"

"हो रे बाबा."

"अरे, लग्नाला उभा राहिल्यासारखा सगळ्यांना हो काय म्हणतोयस? कपड्यांच्या दोरीवर ठोकू का आता?"

"ठोक ना. येतोय आवाज तर येतोय म्हणणार. धा धिं का काय ते तुझं, चाललंय की व्यवस्थित."

खाली पोपट हसला. "भाऊ, तुमचा मानूस जेवून आलाय का?"

चांगदेवने स्क्रू ड्रायव्हर खिशात घातला. दोन्ही हात शिडीला धरले.

"आता?" त्याने विचारलं.

"हो."

"सम्यक, मी काही वाजवत नाहीये."

सम्यक हळू आवाजात म्हणाला, "चेष्टा करू नकोस. वाजतंय."

"आईशप्पथ. दोन्ही हात शिडीला आहेत."

"देवा, मग हे कोण वाजवतंय? तोच ठेका आहे. अगदी तुझाच. म्हणजे तुझ्यापेक्षा बरा आहे, खरं सांगायचं तर."

कटरच्या जबड्यात मघाशी धरलेली पहिली केबल चांगदेवला दिसली. ती कुणाची होती, कोण जाणे. सम्यकने हो म्हटलं ते या दुसऱ्याच ठेक्याला. ती कापली असती तर कुणाच्या तरी दुकानाचं, कुणाच्या तरी दवाखान्याचं नेट गेलं असतं.

"मशिनचा स्पीकर लाव. मला ऐकव," तो म्हणाला.

सम्यकने स्पीकर लावून फोन जवळ धरला. खरखर, मधूनच ट्रकची घरघर, आणि त्यातून तो ठेका. लयीत, सावकाश, समेवर किंचित टेकून पुढे जाणारा. मग तो मध्येच थांबला. आणि तीन ठोके आले. टक. टक. टक. कोरडे, रागावलेले. क्षणभर काही नाही. आणि ठेका पुन्हा पहिल्यापासून.

चांगदेव शिडीवरच मोठ्याने म्हणाला, "अरे देवा! ताई आहेत या!"

"कोण ताई?"

तीन ठोके चांगदेव रोज ऐकत होता. ताई पलंगावर पडल्यापासून योगिनीची तालीम फोनवर चालायची. योगिनी बाळकुमला पदर खोचून उभी, ताई फोनमध्ये. नेटवर आवाज जरा मागून येतो, म्हणून एकीने म्हणायचं तेव्हा दुसरीने गप्प बसायचं, हा दोघींचा करार. ठेका ताई स्वतःपुरता धरायच्या, त्याच्याकडे योगिनीने लक्ष द्यायचं नाही. तीन ठोके मात्र हुकूम होता: थांब, चुकलीस, परत घे. आज योगिनीने रजा टाकली होती आणि शेवटची तालीम आत्ता, या घटकेला चालली होती.

"सम्यक, ही केबल मेलेली नाही. निदान ताईंच्या घरापर्यंत तरी जाते. तू मशिन लावून बसून राहा, उठू नकोस. पोपटभाऊ, या खांबाला हात लावू नका. मी आलोच."

"आता कुठं?"

"गुरूंकडे."

"घ्या!" पोपट आपल्या माणसांना म्हणाला. "मी म्हनत होतो ना, दर्शनाला आलेत."

मंदाकिनीताईंचं घर गल्लीच्या मधोमध, जुन्या चार मजली इमारतीच्या पहिल्या मजल्यावर. रतनमावशींनी दार उघडलं. त्या ताईंचं सगळं बघायच्या. आत बाल्कनीच्या गजांना लागून पलंग होता, मांडीवर टॅब, आणि ताईंच्या उजव्या हातात एकच चिपळी. पन्नास वर्षं त्या हाताने चिपळ्या वाजवल्या होत्या. आता दोन्ही पेलवत नव्हत्या, म्हणून एक चिपळी गजावर आपटून काम भागत होतं. आणि त्याच गजाला, प्लास्टिकच्या पट्ट्यांनी जागोजागी आवळलेली, एक काळी केबल बांधलेली होती. बाल्कनीतून आत, गजावरून आडवी, तिच्यातून एक फाटा ताईंच्या इंटरनेटच्या डब्याला, आणि तशीच पुढे शेजारच्या इमारतीकडे.

"ताई, दोन मिनिटं थांबा," चांगदेव धापा टाकत म्हणाला.

"थांबायला मी कुठे पळतेय?" ताईंनी चष्म्यावरून बघितलं. "तू इथे कसा? आणि पायात बूट? रतन, याला बूट काढायला सांग."

टॅबमधून योगिनीचा आवाज आला. "कोण आलंय, ताई?"

"तुझा नवरा. घामाघूम होऊन आलाय. काय रे, भांडलात का?"

चांगदेवने बूट काढले, गजाशी गेला आणि केबलीवर हात ठेवला. "ताई, तुमचं नेट या जुन्या केबलीवर आहे. गेल्या वर्षी आम्ही सगळी गल्ली नव्या केबलीवर घेतली ना, तेव्हा..."

"तेव्हा मी पुण्याला होते. डोळ्याच्या ऑपरेशनला. दोन महिने घराला कुलूप होतं."

"तेच. कुलूप बघून पोरं पुढे गेली, परत कुणी आलंच नाही. आणि मलाही कधी सुचलं नाही बघायचं. दर रविवारी येतो, चहा पितो, या गजाला टेकून बसतो!"

"तर मग? आता काय झालं?"

"आता ती मी कापणार होतो."

टॅबमध्ये योगिनी जवळ आली. तिचा चेहरा सगळा पडदा भरून दिसायला लागला.

"आज?" ती म्हणाली. "चांगदेव, आज?"

"कापली नाही ना! ताईंनी वाजवून वाचवली. बाळकुमला सम्यकला ठेका ऐकू आला. मशिनवर. तीन ठोक्यांसकट."

ताईंनी चिपळीकडे बघितलं, मग केबलीकडे. त्यांना काय ते नीटसं कळलं नसावं, पण त्यांनी लगेच विचारलं, "त्या मुलाला काय वाटलं? लय बरी होती ना?"

"माझ्यापेक्षा बरी आहे म्हणाला."

"मुलगा हुशार आहे," ताई म्हणाल्या.

चांगदेवने ताईंना चिपळी खाली ठेवायला सांगितली, खांबाकडे परत पळाला आणि पुन्हा एकेका केबलीवर ठेका धरला. आता सम्यक नाही, नाही, नाही म्हणत गेला आणि अकराव्या की बाराव्या केबलीला ओरडला, "ही!" चांगदेव थांबला, सम्यकच्या कानातला आवाजही थांबला. पुन्हा ठोकलं, पुन्हा आला. ती एक दबलेली, सगळ्यांच्या पोटात गेलेली बारीक केबल होती. चांगदेवने खिशातली पिवळी पट्टी काढून तिला बांधली.

पोपटने मान हलवली. "न्हाई चालायची. ती तुमच्या कंपनीनं बंद म्हणून लिहून दिलीये. आज गल्लीतनं वरची केबल ऱ्हाता कामा न्हाई. उद्या माझा सायेब इथं उभा ऱ्हाईल आन् इचारंल, पोपट, ही कुणाची? मी काय सांगू, कीर्तनाची?"

"एक रात्र, पोपटभाऊ. एका म्हाताऱ्या बाईंना एक कीर्तन ऐकायचंय."

"मोबाईलवर ऐकू द्या की."

"त्या खोलीत मोबाईलला रेंज नाही. दोन शब्द ऐकू येतात, चार जातात."

"मग गॅलरीत बसवा."

"त्यांचं हाड मोडलंय हो. पलंगावरून हलवता येत नाही."

पोपटने कटर एका खांद्यावरून दुसऱ्यावर घेतला. तो काही वाईट माणूस नव्हता. पण वरून तारीख ठरलेली आणि मागे गाडी उभी. "माझ्याकडं खालची आळी संपवायची हाय," तो म्हणाला. "ती करून येतो. दिवेलागणीला हितं येणार. तवर त्यास्नी दुसऱ्या केबलीवर घ्यायचं तर घ्या. तवा मातर मी थांबायचो न्हाई."

दिवेलागणीलाच तिकडे कीर्तन उभं राहायचं होतं.

ताईंना नव्या केबलीवर घ्यायचं म्हणजे शेजारच्या इमारतीच्या जिन्याखालच्या बॉक्सपासून त्यांच्या खोलीपर्यंत नवी बारीक केबल ओढायची, दोन्हीकडे काचेचा धागा सोलून, पुसून, मशिनमध्ये धरून जोडायचा. एकट्याचं काम. दुसऱ्या कुणाला बोलवायचं तर तो बदलापूरहून निघणार. चांगदेवने हिशोब केला आणि तो हिशोब कुठूनही ठाण्यापर्यंत पोचेना.

त्याने योगिनीला फोन लावला.

"मला यायला जमणार नाही," तो म्हणाला.

पलीकडे तिच्या सासूचा आवाज येत होता, कुठली नऊवारी काढू म्हणून.

"झांज कोण धरणार?" तिने विचारलं.

"सम्यक येईल. बाळकुमहून जवळच आहे."

"सम्यक भावोजी? त्यांना आरतीलासुद्धा टाळी जमत नाही!"

"झांज नको देऊस. फोन धरायला बसव. खुर्चीवरचा फोन सारखा पडतो, आपण काल बघितलं ना. माणूस पाहिजे धरायला."

ती म्हणाली, "मला तू पाहिजे होतास मागे." आणि लगेच, "पण ताई पाहिजेतच. तू केबल ओढ. आणि जेव काहीतरी."

सम्यकला सांगितलं तेव्हा तो पाच मिनिटं नुसता कुरकुरत होता. "मी? पहिल्या रांगेत? लोक मला ओळखीचा समजून प्रसादाचं काहीतरी विचारतील. कपडे काय घालायचे?"

"शर्ट घाल म्हणजे झालं."

"आणि कधी मान हलवायची ते कसं कळणार?"

"शेजारच्या आजोबांकडे बघ. ते हलवतील तेव्हा हलव."

मग दुपार केबल ओढण्यात गेली. शेजारच्या इमारतीच्या जिन्यातून, गच्चीच्या पाइपाच्या मागून, खिडकीच्या चौकटीतल्या भोकातून. भोक रतनमावशींनी शोधून काढलं. जुन्या कूलरच्या वायरसाठी कुणीतरी पाडलेलं. मध्ये एकदा चांगदेव सज्जावर पालथा पडून हात लांब करत होता तेव्हा ताई आतून म्हणाल्या, "पडू नकोस. एका घरात एक पुरे."

शेवटचा जोड ताईंच्या पलंगापाशीच करायचा होता. चांगदेवने जमिनीवर फडकं पसरलं, जोडायचं मशिन मांडलं. केसाएवढा तो काचेचा धागा, कापला की टोक सरळ पाहिजे, नाहीतर मशिन नाकारतं. पहिल्यांदा नाकारलं. दुसऱ्यांदा नाकारलं.

ताई बघत होत्या. "पाणी पी," त्या म्हणाल्या.

"वेळ नाही, ताई."

"उभं राहण्याआधी मी पाणी प्यायचे. घाईत मंगलाचरण म्हटलं की पुढचं सगळंच घाईत जातं. पी."

तो पाणी प्यायला. खाली पोपटची गाडी गल्लीत शिरल्याचा आवाज आला. तिसऱ्या वेळी मशिनने धागा घेतला. बारीकशी ठिणगी, आणि दोन टोकं एक झाली. चांगदेवने जोड छोट्या डबीत बसवला, ताईंच्या डब्यातला जुना फाटा काढून नवा लावला. लाल दिवा. लाल दिवा. मग हिरवा.

त्याने बाल्कनीतून खाली हात केला. "कापा, पोपटभाऊ!"

खांबावर कटरचा आवाज झाला. गजावरच्या पट्ट्या चांगदेवने आधीच तोडल्या होत्या. जुनी केबल त्या गजांवरून सरपटत बाहेर गेली आणि खाली पोपटच्या माणसांनी ती गुंडाळायला घेतली. टॅबमधलं चित्र हललंसुद्धा नाही.

त्या चित्रात दत्तमंदिराचं सभागृह होतं, जरा तिरकं, कारण सम्यकचा हात अवघडला होता. योगिनी उभी राहिली होती. हिरवी नऊवारी, कपाळाला गंध, हातात चिपळ्या. नमन झालं, निरूपण सुरू झालं. ताई डोळे मिटून ऐकत होत्या. चांगदेवला वाटलं झोपल्या. पण योगिनीने एक दृष्टांत दिला तेव्हा त्यांच्या ओठांचा कोपरा हलला. "हा मी नाही शिकवला," त्या पुटपुटल्या. "हा तिचा आहे."

पूर्वरंग संपला. योगिनीला हार घातला, बुक्का लावला. इथे नामाचा गजर व्हायचा असतो आणि मग आख्यान. योगिनी पुढे आली आणि श्रोत्यांना म्हणाली, "माझ्या गुरू, मंदाकिनीताई, डोंबिवलीहून ऐकतायत. आजचा गजर त्या सांगणार आहेत. आपण सगळ्यांनी मागून म्हणायचा."

"अगं!" ताई टॅबकडे बघत म्हणाल्या. "हे ठरलं नव्हतं. माझा आवाज कुठे राहिलाय?"

पण तिकडे सम्यकने फोन उचलून माइकपाशी नेला होता. सगळं सभागृह पडद्यातून ताईंकडे बघत होतं.

ताईंनी घसा साफ केला. पडल्यापासून त्या गायल्या नव्हत्या. "राम कृष्ण हरी," त्यांनी धरलं. आवाज सुरुवातीला फाटका आला, मग सापडला. तिकडे तबला, पेटी, झांजा सगळं जोरात सुरू झालं. आणि घोटाळा झाला. ताईंचा आवाज तिकडे जरा मागून पोचे, आणि तिकडच्या झांजा इकडे आणखी मागून. ताई झांजांसाठी थांबायच्या, झांजा ताईंसाठी थांबायच्या. एकमेकांना वाट देता देता लय अशी मंदावत चालली की शेवटी पुढच्या रांगेतले आजोबा गोंधळून टाळी वाजवायचे थांबले.

योगिनीने हात वर केला. एकदम सगळं थांबलं. तबला, पेटी, झांजा, टाळ्या. टॅबमधून काही येईना.

ताईंचा चेहरा उतरला. "गेलं का रे, चांगदेव? तुझं नेट गेलं?"

चांगदेवने धावत जाऊन डब्याकडे बघितलं. हिरवा दिवा होता. त्याने टॅबकडे बघितलं. सभागृह होतं, माणसं होती, कोपऱ्यात कुणाचं तरी लहान मूल पेंगत होतं. मधोमध योगिनी हात जोडून उभी होती. वाट बघत.

"गेलं नाही, ताई," तो म्हणाला. "तिने थांबवलंय सगळं. तुमच्यासाठी. तुम्ही एकट्याच म्हणा."

"ठेक्याशिवाय?"

"तुमच्या आवाजाला ठेका लागत नाही. तुम्ही म्हणाल तीच लय."

ताईंनी पुन्हा धरलं. एकट्या, सावकाश, आपल्या श्वासाने. एक आवर्तन त्या म्हणाल्या आणि थांबल्या. मग जरा वेळाने, पलीकडून, सभागृहातली सगळी माणसं एकदम म्हणाली. ते पुरतं संपू दिलं, तेव्हा ताईंनी दुसरं घेतलं. आता कुणालाच घाई नव्हती. खाली गल्लीत केबल गुंडाळणारे हात थांबले होते. पोपट जिना चढून दारात येऊन उभा होता. काहीतरी सही घ्यायला आला असावा. टोपी त्याने काढून हातात धरली होती. रतनमावशी स्वयंपाकघराच्या दारातूनच म्हणत होत्या, आणि चांगदेवला कळलं की तोही म्हणतोय.

गजर संपला. ताईंनी डोळे पुसले नाहीत. पाणी ओघळू दिलं. पडद्यात योगिनीने वाकून नमस्कार केला, पदर खोचला आणि तबलजीकडे बघून मान हलवली.

"आत ये रे बाबा, दारात का उभा?" ताई पोपटला म्हणाल्या. "बस. आणि कुणी बोलू नका आता. आमची पोर आख्यान लावतेय."